नळीवरचं नाव

इबादान, ३ ऑगस्ट

तेनी,

हे पत्र मुफूच्या हातानं येतंय. इवो रोडच्या स्टँडवरून इलोरिनला गाडी नेणारा तो दातपडका मुफू. फोनवर तू मला बंद केलंस. तुझ्या शाळेत फोन केला की शिपाई म्हणतो, "मॅडम वर्गावर आहेत." रविवारीसुद्धा. म्हणून कागद. मुफूला सांगून ठेवलंय, बाईंनी पत्र फाडलं तर तुकडे घेऊन ये, मी चिकटवून परत पाठवीन.

फाडण्याआधी एवढंच वाच. इरेतीला जागा मिळाली आहे.

सिकलसेलवरच्या नव्या उपचाराची चाचणी इबादानला होणार आहे. हाडांतल्या मगजातून पेशी काढतात, त्यातलं बिघडलेलं जनुक दुरुस्त करतात आणि पेशी त्याच लेकराला परत देतात. तिकडे परदेशात हे करून घ्यायचं तर आपली अख्खी गल्ली विकावी लागेल. इथे बारा मुलांना फुकट. ज्या कंपनीला मी पाच वर्षं रक्ताचे नमुने पुरवतोय, तिचीच ही चाचणी. लागोसच्या त्यांच्या ऑफिसातल्या डॉक्टर न्कीरू मॅडम मला म्हणाल्या, "चीफ, आईबाप आणि मूल, तिघांचं रक्त ज्यांचं आधीपासून आमच्याकडे जमा आहे, अशी कुटुंबं आम्ही पुढे घेतोय." मी म्हटलं, माझ्या नातीचं आहे. यादीत इरेती नववी आहे.

सोबत संमतीपत्र आहे. आईची सही आणि वडिलांची सही. दोन्ही लागतात, एक चालत नाही, मी विचारून पाहिलं. मुदत तीस सप्टेंबर. तू तुझी कर. कायोदेची माझ्यावर सोड.

त्याच्या आईच्या अंगणात जे झालं ते मी विसरलेलो नाही. पोर वर्षाची, हातापायांची बोटं सुजलेली, आणि रिपोर्ट एसएस, म्हणजे सिकलसेल. असं मूल व्हायला आईबाप दोघांच्याही रक्तात एस लागतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. पास्टर रक्ताचा कागद बघितल्याशिवाय लग्नाची तारीख देत नाहीत ते उगाच नाही. तू एएस. कायोदेचा लग्नाच्या वेळचा कागद एए. मग दुसरा एस आला कुठून? त्याच्या आईनं ओरडून विचारलं नाही, हळू विचारलं, म्हणून साऱ्या वस्तीला ऐकू गेलं. तू म्हणालीस, "कागद चुकलाय, पुन्हा तपासा." तुम्हा तिघांचं रक्त पुन्हा तपासलं. माझ्याच लॅबमध्ये, मी स्वतः. कायोदे पुन्हा एए. तू म्हणालीस, "डीएनए करा." त्याची आई म्हणाली, "बापाच्याच लॅबनं दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा कोणाला विचारायचं?" मग तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "बाबा, तुम्ही तरी बोला."

मी म्हणालो, "कागद तो कागद, पोरी."

रक्ततपासणीच्या पट्टीनं जे दाखवलं ते मी वाचलं. एवढाच माझा गुन्हा. बाकी माझ्या मनात तुझ्याबद्दल कधी काही आलं नाही, हे देव जाणतो.

तुझा बाप


इबादान, २१ ऑगस्ट

तेनी,

संमतीपत्र पोचलं. तुझी सही आहे, शब्द एकही नाही. मुफू म्हणाला, "ओगासाहेब, बाईंनी दारातच सही केली, पेनही माझंच वापरलं." घरात बोलावलं नाहीस त्याला? पाणीसुद्धा नाही? चालेल. सही आली ना.

काल बोडिजाला कायोदेच्या दुकानात गेलो. सोलर पॅनलचा धंदा जोरात आहे त्याचा. लग्न ठरवायला आला होता तेव्हा माझ्यासमोर जमिनीवर लांब पडून नमस्कार केला होता त्यानं, नवा पांढरा झगा धुळीत. काल खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"चीफ, इन्व्हर्टर हवाय का?"

"नाही रे. एक सही हवीय."

कागद वाचला त्यानं. शेवटपर्यंत वाचला, हे मी बघितलं. 'वडील' लिहिलंय तिथे अंगठा ठेवला. मग कागद माझ्याकडे सरकवला.

"ज्याचं मूल, त्याची सही घ्या."

"कायोदे, पोर सहा वर्षांची आहे. महिन्याला दवाखाना. तुझं भांडण तिच्याशी नाही."

"माझं भांडण कोणाशीच नाही. खोटी सही करून मी तुरुंगात कशाला जाऊ? तुमच्याच लॅबचा कागद सांगतो, मी तिचा बाप नाही. एकदा नाही, दोनदा."

आतून एक बाई आली, हातात थंड पाण्याच्या पिशव्या. तरुण, गोल चेहऱ्याची, पाच महिन्यांचं पोट. बुसायो नाव. त्यानं दुसरं लग्न केलंय, तुला कळलं असेलच. नसेल तर माझ्याकडून कळावं असं नव्हतं. बिचारीनं मला पाणी दिलं आणि गुडघे टेकून विचारपूस केली, मी कोण हे ठाऊक नसताना. गप्पांत सहज म्हणाली, "माझं रक्त एएस आहे, बाबा. दोन स्थळं मोडली त्यापायी. पण यांचं एए, देवाची कृपा. आता पोटातल्याची काळजी नाही."

माझे कान तिखट आहेत हे तुला माहीत आहे. त्या कानांवरच मी बाजारात बर्फाच्या डब्यातून पाणी विकण्यापासून लॅबपर्यंत आलो. काल पहिल्यांदा वाटलं, बहिरा असतो तर बरं झालं असतं.

पाणी संपवून मी उठलो. पुन्हा जाईन. दोनचार वडीलधारे सोबत नेईन.

तुझा बाप


इबादान, ९ सप्टेंबर

तेनी,

मुफूनं सांगितलं. दहा दिवस दवाखान्यात. त्यानं खिडकीतून पाहिलं म्हणे, इरेती पाय पोटाशी घेऊन पडली होती आणि रडत नव्हती. म्हणाला, "ओगा, रडली असती तर मला बरं वाटलं असतं." दोन पोरांचा बाप आहे तो.

वडीलधाऱ्यांचा उपयोग झाला नाही. कायोदेनं त्यांना मान दिला, पाहुणचाराचं कोलाफळ दिलं, सही दिली नाही. म्हणून परवा मी एकटा गेलो. त्याला म्हटलं, "बस. एक गोष्ट सांगायची राहिली आहे. त्या वेळी आमच्या यंत्रात बिघाड होता. तुझा निकाल चुकला असण्याची शक्यता आहे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. मग हसला.

"दोनदा बिघडलं? दोन वर्षांच्या अंतरानं? आणि फक्त माझ्याच रक्ताला?"

"होतं असं कधीकधी."

"चीफ, तुम्ही आयुष्यभर बाजारात बसलात. गिऱ्हाईक उठून चाललं की भाव उतरवायचा. पाच वर्षं मी तुमच्या कागदावर जगलो. आई त्या कागदावर मेली. आता नातीची जागा जातेय म्हटल्यावर यंत्र बिघडलं? उद्या म्हणाल मीच नव्हतो तिथे."

"दुसरीकडे तपासून बघ."

"का बघू? माझी बायको सहा महिन्यांची आहे. घरात शांतता आहे. तुमच्या थापेसाठी मी माझं रक्त का काढू?"

त्याचं चूक नाही. अर्धी गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्याला ती पूर्ण खोटी वाटते. मला हे कळायला हवं होतं. अर्ध्या गोष्टी विकूनच तर मी मोठा झालो.

यंत्रात बिघाड नव्हता, तेनी. एवढं आज लिहितो. बाकीचं लिहायला बसलो की हात थांबतो. अजून एकवीस दिवस आहेत.

तुझा बाप


इबादान, २४ सप्टेंबर

तेनी,

काल न्कीरू मॅडमचा फोन आला. बाई कधी आवाज चढवत नाहीत. इग्बो जमातीची माणसं आपल्यासारखी प्रस्तावना करत नाहीत म्हणतात; ही त्यातली.

"चीफ, चाचणीआधी आम्ही प्रत्येक कुटुंबाच्या रक्ताचं नातं जुळवून बघतो. आईची नळी बरोबर आहे. मुलीची बरोबर आहे. बापाची नळी बाप नाही."

मी म्हटलं, "तो जुना वाद आहे, मॅडम."

"थांबा. बापाच्या नळीतलं रक्त मुलीच्या आईच्या बापाचं आहे. नळीवर नाव जावयाचं आणि रक्त तुमचं. मला समजावून सांगा."

मी फोन कानाला लावून जिन्याशी आलो. खाली लॅबमध्ये लग्नाची जोडपी रांगेत बसली होती, नटूनथटून, हसत. तेनी, मॅडमना जे सांगितलं तेच तुला सांगतो, आणि या वेळी भाव न पाडता.

तुझी दोन लग्नं पास्टरच्या टेबलावर मोडली. दुसऱ्या वेळी तू घरी येऊन जेवलीस, भांडी घासलीस आणि आईच्या फोटोजवळ जाऊन म्हणालीस, "हे तू दिलंस मला." तेव्हा तू एकतीसची होतीस. मी दाराआड होतो. मग कायोदे आला. पट्टी मीच लावली. दोन रेघा उमटल्या. एएस. मी त्या दोन रेघा बराच वेळ बघितल्या. मनात म्हटलं, चारात एक. चारातली तीन मुलं धडधाकट निघतात. यापेक्षा वाईट भरवशावर मी धंदे केलेत आणि तरलोय. कागदावर एए लिहिलं. पट्टी जाळली. तू माझ्या गळ्यात पडलीस. त्या आनंदात मी माझाही वाटा घेतला, ते खोटं नव्हतं.

चौथं मूल पहिलंच आलं.

मग ते अंगण. तू म्हणालीस, पुन्हा तपासा. तेव्हा मी खरं बोललो असतो तर तुझं घर वाचलं असतं. मला ते माहीत होतं, तेनी. आज शहाणपण सुचलंय असं नाही, तेव्हाच माहीत होतं. पण लॅब बुडाली असती. पाच चर्चांची जोडपी माझ्या कागदावर लग्नं करत होती, आणि त्याच वर्षी कंपनीशी करार झाला होता. म्हणून तपासणीच्या दिवशी सकाळी मी माझ्याच हाताचं रक्त काढलं. मी एए आहे. एस तुझ्या आईचा. नळी शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. दुपारी कायोदेचा थोरला भाऊ लक्ष ठेवायला आला होता. तो माझ्या खांद्याशी उभा होता. कायोदेच्या दंडातून रक्त मी काढलं, पडद्यामागे गेलो, आणि बाहेर आलो ते माझी नळी घेऊन. पट्टीवर एकच रेघ उमटली. भाऊ म्हणाला, "झालं." तू उभी होतीस. तू माझ्याकडे बघितलंस.

ती रेघ माझी होती, पोरी.

आणखी एक. आमच्या लॅबमध्ये पाच वर्षं अशी रीत आहे की कागदापुरतं रक्त वापरायचं आणि उरलेलं थंडपेटीत ठेवायचं, कंपनीसाठी. कोणाला विचारत नव्हतो. लग्नाच्या गडबडीत कोण विचारतं? त्या दिवशीही लॅबमध्ये काम करणाऱ्या मुलींनी रीतीप्रमाणे तिघांचं उरलेलं रक्त पेटीत ठेवलं, नावं लिहून. मी त्यांना थांबवलं नाही, कारण थांबवलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. तुम्हा तिघांच्या त्या नळ्यांमुळेच इरेतीला जागा मिळाली होती.

सगळं ऐकून न्कीरू मॅडम म्हणाल्या, "आणखी किती कागद असे आहेत?"

"एकच. एकाच माणसाचे दोन."

"मी विश्वास ठेवला असता, चीफ. पण आता तुमच्या शब्दाला वजन उरलं नाही."

आत्ता कायोदेकडे निघालोय. पत्र मुफूकडे टाकून पुढे जाईन, म्हणजे परत फिरायला नको.

बाबा


इबादान, ५ ऑक्टोबर

तेनी,

तुझी चिठ्ठी मिळाली. पाच वर्षांत पहिली. दोनच शब्द: "सही झाली?"

उत्तर आधी देतो. सही झाली. जागा गेली.

आता कसं ते सांगतो. त्या दिवशी मी दुकानात पोचलो तेव्हा बुसायो गल्ल्यावर होती. मी म्हटलं, कायोदे, तिला आत पाठव. तो म्हणाला, "माझ्या बायकोपासून लपवण्यासारखं माझ्याकडे काही नाही." मग मी तिच्यासमोरच बोललो. उभ्यानं सुरुवात केली, पण पडद्यामागची नळी आली तेव्हा गुडघ्यांवर आलो. आपल्यात सासरा जावयापुढे गुडघे टेकत नाही. दुकानातलं एक गिऱ्हाईक बॅटरी तिथेच ठेवून निघून गेलं.

कायोदेनं शिवी दिली नाही, हात उचलला नाही. एवढंच विचारलं, "त्या सकाळी कुठल्या हातातून काढलंत?" मी डावा हात पुढे केला.  बुसायो गल्ल्यामागेच उभी होती. दोन्ही हात पोटावर, आणि ओठ हलत होते. मोजत होती. चारात एक, चारात एक. आपल्या मुलींना हे गणित शिकवावं लागत नाही.

दोघं उठून रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये गेले. तासाभरानं परत आले तो कायोदे पुढे आणि ती बरीच मागे. त्यानं कागद टेबलावर टाकला. एएस.

"संमतीपत्र द्या," म्हणाला. सही केली. मग खाली संपूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, पेन कागदात रुतवून. बुसायो म्हणाली, "बाबा, आता मी काय करू?" मला बाबाच म्हणाली. तिला सातवा लागलाय. 

कायोदे तिथून थेट पास्टरकडे गेला. त्याला अडवायची इच्छा झाली, पण तोंडच नव्हतं. रविवारी प्रार्थनेनंतर पास्टर म्हणाले, आकानबींच्या लॅबच्या, म्हणजे माझ्याच, कागदावर लग्न केलेल्या सगळ्यांनी पुन्हा तपासून घ्या. सोमवारी माझ्या दारात तीनशे माणसं. कोणाची बायको रडतेय, कोणाचा नवरा दगड घेऊन आलाय. ज्यांनी ज्यांनी पुन्हा तपासलं त्यांचं सगळ्यांचं बरोबर निघालं, अजूनपर्यंत एकही चूक नाही. खोटा कागद खरंच एकाच माणसाचा होता. पण आता ते कोणाला सांगू? गर्दीतल्या एका म्हातारीनं वेगळंच विचारलं, "माझ्या मुलाच्या नळीतलं उरलेलं रक्त तुम्ही कुठे ठेवता?" त्यावर सगळे एकदम ओरडू लागले.

एकोणतीसला संमतीपत्र घेऊन मी लागोसला गेलो. मुदतीच्या आत, एक दिवस हातात राखून. न्कीरू मॅडमनी ते नीट वाचलं आणि परत दिलं.

"चीफ, इबादानचं केंद्र बंद झालंय. काल निर्णय आला, लोकांना न विचारता ठेवलेल्या रक्तावर चाचणी चालणार नाही."

"पण सही झाली, मॅडम. दोघांची. बाप खरा बाप आहे, हा बघा कागद."

"मला दिसतंय. केंद्रच नाही तर जागा कुठली?"

"मला काढा. तुरुंगात घाला. पोरीनं काय केलंय?"

"काहीच नाही. बाराही मुलांनी काही केलेलं नाही."

"बाराच्या बारा?"

"बाराच्या बारा. चाचणी आता दुसऱ्या देशात होईल. तिकडची मुलं घेतील."

बाई खिडकीकडे बघत बोलत होत्या. वाईट नाहीत त्या. त्यांची स्वतःची बहीण एसएस होती, हे जाताना म्हणाल्या. 'होती' म्हणाल्या.

मी विचारलं, "मग आमचं रक्त परत देणार का?" म्हणाल्या, ते वाचून झालंय, वाचलेलं परत कसं देणार? नावं पुसतील, माहिती राहील. काल त्यांची माणसं येऊन थंडपेट्या घेऊन गेली. अकरा हजार नळ्या. उद्या औषध बाजारात आलं तर त्यात तू असशील, कायोदे असेल, इरेती असेल, आणि एका नळीपुरता मीही. आणि ते आपल्या कोणालाच परवडणार नाही.

संमतीपत्र सोबत पाठवतो आहे. कुठे दाखल करता येणार नाही. पण इरेती मोठी होईल तेव्हा कोणी तिला काही बोललं, तर वडिलांचं नाव त्यांच्याच हातानं लिहिलेलं तिच्याजवळ असावं. मोठी झाली तर, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं.

कायोदे शनिवारी इलोरिनला येतोय. मला विचारत होता, इरेतीला खायला काय आवडतं? मला सांगता आलं नाही. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. मी येणार नाही. तू बोलावलंस तरी लगेच येऊ शकेन असं वाटत नाही, पोलिसांनी मंगळवारी बोलावलंय.

यादीतल्या तिसऱ्या मुलाची आई दुपारपासून लॅबच्या पायरीवर बसली आहे. ओगबोमोशोहून आली आहे, मुलाला पाठीवर बांधून. संमतीपत्र भरून आणलंय, नवऱ्याचा अंगठा घेऊन. बारापैकी हिला अजून कोणी कळवलेलं नाही. मुलींना मी सांगितलंय, तुम्ही बोलू नका, मीच सांगतो.

पत्र इथे थांबवतो. खाली जायचंय.

बाबा